जोडधंदा आणि यंत्राची वर्गणी

(उद्योजकता मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



नोकरी सांभाळून एखादा जोडधंदा करावा, हा विचार मराठी मध्यमवर्गाला आता परका राहिलेला नाही. एके काळी शिकवण्या, शिवणकाम, पापड-लोणची आणि विम्याची एजन्सी एवढ्यापुरते मर्यादित असलेले हे क्षेत्र आज पुष्कळ रुंदावले आहे. कोणी घरबसल्या भाषांतराची कामे घेतो, कोणी छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहून देतो, कोणी कोकणातून काजू-कोकम आणून सोसायटीत विकतो. या सर्वांच्या पुढे गेल्या दोन-तीन वर्षांत एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा साहाय्यक पैसे भरून घ्यावा, की फुकट मिळतो तेवढ्यावर भागवावे?

वरवर पाहता प्रश्न किरकोळ वाटतो. एका सिनेमाच्या तिकिटाएवढी, फार तर चौघांच्या हॉटेलातील जेवणाएवढी रक्कम. परंतु ज्या धंद्याची पहिली विक्री अद्याप व्हायची आहे, त्याच्या वहीत खर्चाची पहिली नोंद कशाची पडते, यावरून पुढचे बरेच काही ठरते. सिनेमाचे तिकीट एकदा काढले की विषय संपतो. वर्गणी मात्र दरमहा येते, विक्री झाली तरी येते आणि न झाली तरी येते. व्यापाऱ्यांच्या भाषेत हा बांधील खर्च आहे, आणि नव्या धंद्याला सर्वांत जड जाते ते गाळ्याचे भाडे, पगार आणि कर्जाचा हप्ता यांसारखे बांधील खर्चच.

आधी दरांचा विचार करू. ‘चॅटजीपीटी’ हे नाव जगाला कळले ते ३० नोव्हेंबर २०२२ रोजी. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याची महिना २० डॉलरची सशुल्क योजना आली आणि पुढे इतर कंपन्यांचे दरही साधारण त्याच आकड्याभोवती घुटमळत राहिले. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये याच कंपनीने महिना ३९९ रुपयांची ‘गो’ ही योजना आणली आणि यूपीआयने पैसे भरण्याची सोय दिली. त्या वेळी वरची ‘प्लस’ योजना १,९९९ रुपयांना होती. गूगलच्या अशाच योजनेचा दर १,९५० रुपये होता.

त्यानंतर मात्र विलक्षण प्रकार घडला. विकत द्यायची वस्तू फुकट वाटण्याची जणू चढाओढच लागली. जुलै २०२५ मध्ये एअरटेलने आपल्या सुमारे ३६ कोटी ग्राहकांना ‘पर्प्लेक्सिटी’ची सशुल्क सेवा वर्षभर मोफत देऊ केली. ऑक्टोबरअखेर रिलायन्स जिओ आणि गूगल यांनी १८ महिन्यांसाठी ‘जेमिनी’ची सशुल्क आवृत्ती मोफत देण्याचे जाहीर केले आणि आरंभ १८ ते २५ वर्षे वयाच्या तरुणांपासून केला. ४ नोव्हेंबर २०२५ पासून ‘गो’ योजनाही भारतीयांना ठरावीक मुदतीत नाव नोंदवल्यास एक वर्ष विनामूल्य झाली.

यात परोपकार नाही हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही. जिओनेच सप्टेंबर २०१६ मध्ये मोफत सेवा सुरू केली, ती ३१ मार्च २०१७ पर्यंत चालवली आणि मग दर लावले. गिऱ्हाईक आधी सवयीचे करायचे आणि मग भाव सांगायचा, ही रीत बाजाराइतकीच जुनी आहे. ती लबाडी आहे असेही नव्हे, पण तिचे स्वरूप ओळखून घेणे ही घेणाऱ्याची जबाबदारी आहे. अनेक मोफत योजनांत नाव नोंदवतानाच बँकेच्या खात्यातून आपोआप पैसे वळते करण्याची संमती घेतली जाते. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२१ पासून अशा व्यवहारांना शिस्त लावली. पैसे वळते होण्याच्या २४ तास आधी सूचना द्यावी लागते आणि ग्राहकाला संमती मागे घेता येते. मात्र जून २०२२ पासून १५,००० रुपयांपर्यंतच्या रकमेसाठी दर वेळी सांकेतिक क्रमांक विचारला जात नाही. म्हणजे दोन हजारांची वर्गणी एका संदेशामागे निमूटपणे निघून जाते, आणि तो संदेश जाहिरातींच्या वीस संदेशांत कोठेतरी दबलेला असतो.

आता एक कुटुंब डोळ्यांपुढे आणू. ते काल्पनिक आहे, पण डोंबिवलीत, चिंचवडला किंवा नाशिकच्या सिडकोत शोधले तर सापडण्यासारखे आहे. पती एका कारखान्याच्या हिशेब विभागात नोकरीला. पत्नीच्या हाताला चव आहे, तिची भाजणी आणि चकली नातेवाइकांत वाखाणली जाते. मुलगा महाविद्यालयात. घरात तीन जोडधंद्यांचे बेत शिजत आहेत. तिला फराळाचा व्यवसाय करायचा आहे, त्याला संध्याकाळी चार दुकानदारांचे हिशेब लिहायचे आहेत आणि मुलाला टी-शर्टवर चित्रे छापून विकायची आहेत.

एका रविवारी तिघे मोबाईल घेऊन बसतात. दोन तासांत यंत्रसाहाय्यक तिन्ही धंद्यांची नावे सुचवतो, बोधचिन्ह काढून देतो, जाहिरातीचा मजकूर लिहितो आणि तीन वर्षांच्या नफ्याचा तक्ताही मांडतो. (या तक्त्यांत तिसऱ्या वर्षी नफा भरघोस असतो. तोटा दाखवणारा तक्ता यंत्र सहसा आपणहून काढत नाही.) मग पडद्यावर सूचना येते की आजची मर्यादा संपली, पुढे जायचे असल्यास वर्गणी भरा. मुलगा म्हणतो, “बाबा, चारशे रुपये तर आहेत, भरून टाका ना!”

नेमका हाच क्षण विचार करण्याचा आहे. त्या दोन तासांत घरात एकही चकली तळली गेलेली नाही. एकाही दुकानदाराशी बोलणे झालेले नाही. धंद्याची पूर्वतयारी आता इतकी स्वस्त आणि सुखद झाली आहे की तयारीलाच धंदा समजण्याची चूक सहज होते. एकाच वेळी तीन धंदे काढण्याचा मोह पूर्वी भांडवलाअभावी आपोआप आवरला जात असे. आता तो आवरणारे काही उरलेले नाही.

त्या गृहिणीच्या वहीतला हिशेब पाहू. डाळ-तांदूळ, तेल, गॅस, पिशव्या आणि मदतनीस बाईची मजुरी वजा जाता चकलीच्या एका किलोमागे तिला ८० रुपये सुटतात असे धरू. ३९९ रुपयांची वर्गणी म्हणजे पाच किलो चकली. १,९९९ रुपयांची वर्गणी म्हणजे २५ किलो. सोऱ्या दाबून २५ किलो चकल्या पाडणाऱ्या मनगटांना ही रक्कम किरकोळ वाटणार नाही. जीएसटीची नोंदणी नसलेल्या अशा छोट्या व्यावसायिकाला वर्गणीवरील कराची वजावटही मिळत नाही, सारा खर्च अंगावरच पडतो. म्हणून प्रश्न असा विचारायला हवा, की या साहाय्यकामुळे महिन्याला पाच किंवा पंचवीस किलो अधिक चकली विकली जाणार आहे काय? की तेवढ्या मोलाचा वेळ खरोखर वाचणार आहे?

वेळ वाचतो हे बहुतेकांना मनापासून वाटते. पण वाटणे आणि वाचणे यांत अंतर असू शकते. २०२५ मध्ये अमेरिकेतील ‘मेटर’ या संशोधन संस्थेने १६ अनुभवी संगणक-प्रणालीकारांवर प्रयोग केला. यंत्रसाहाय्यकामुळे काम २४ टक्के लवकर होईल असा त्यांचा आधीचा अंदाज होता. काम संपल्यावरही आपला वेळ सुमारे २० टक्के वाचला असे त्यांना वाटत होते. प्रत्यक्ष मोजणीत मात्र त्यांना १९ टक्के अधिक वेळ लागलेला निघाला. हा निष्कर्ष त्या वेळच्या साधनांचा आणि स्वतःच्या जुन्या, सवयीच्या कामात मुरलेल्या तज्ज्ञांचा आहे. तो सरसकट सर्वांना लावता येणार नाही. पण जे घड्याळाशिवाय वेळ मोजतात त्यांनी तो लक्षात ठेवावा.

जोडधंदा करणाऱ्यांच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा प्रयोग झाला तो आफ्रिकेत, केनियामध्ये. हार्वर्ड आणि बर्कली येथील संशोधकांनी तेथील ६४० छोट्या व्यावसायिकांची निवड केली. त्यांपैकी काहींना व्हॉट्सअॅपवरून सल्ला देणारा यंत्रसाहाय्यक विनामूल्य दिला. ही माणसे आपल्याकडच्या टपरीवाल्या, खानावळवाल्या, छोट्या दुकानदारांसारखीच. सर्वांचा मिळून सरासरी परिणाम पाहिला तर फरक जवळजवळ नव्हताच. परंतु सरासरीच्या आड दोन वेगळ्या कहाण्या दडल्या होत्या. ज्यांचा धंदा आधीच बरा चालत होता त्यांची कामगिरी १५ टक्क्यांहून अधिक सुधारली. ज्यांचा धंदा आधीच रखडत होता त्यांची मात्र ८ ते १० टक्क्यांनी खालावली.

असे का व्हावे? साहाय्यक एकच होता. दोन्ही गटांनी तो वापरला होता. संशोधकांनी संभाषणे तपासली तेव्हा दिसले की रखडलेल्या व्यावसायिकांनी कितीतरी अवघड प्रश्नांवर मदत मागितली होती. हे मानवी स्वभावाला धरूनच आहे. ज्याला आपला माल, आपले गिऱ्हाईक आणि आपली वस्ती ठाऊक असते, तो यंत्राकडून दहा सूचना घेतो, आठ बाजूला टाकतो आणि दोन वापरतो. ज्याचा पाय अजून रोवलेला नाही त्याला कोणती सूचना टाकावी हेच कळत नाही. ‘भाव कमी करा’, ‘जाहिरात वाढवा’ हे सल्ले कोणत्याही धंद्याला देता येतात, आणि चुकीच्या वेळी पाळले तर कोणताही धंदा बुडवू शकतात.

म्हणजे ज्याला साहाय्यकाची गरज सर्वांत अधिक वाटते, तो नवखा माणूसच त्याच्यामुळे फसण्याची शक्यता अधिक. पैसे भरावेत की नाही या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच यंत्राच्या गुणवत्तेवर थोडे आणि घेणाऱ्याच्या स्थितीवर पुष्कळ अवलंबून आहे.

महाराष्ट्राच्या उद्योगेतिहासातील एक उदाहरण येथे आठवते. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत नोकरी करीत होते आणि बेळगावला बंधू रामुअण्णांच्या साथीने सायकलींचा धंदा चालवीत होते. मुंबईहून सायकली पाठवायच्या, बेळगावला विकायच्या. आजच्या भाषेत हा जोडधंदाच. पुढे त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र आणि मग लोखंडी नांगर केला. नांगर उत्तम होता, तरी तो खपेना, कारण लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ही अडचण कारखान्यात बसून कळणारी नव्हती. ती शेताच्या बांधावर गेल्यावरच कळते. आजचा यंत्रसाहाय्यक नांगराच्या विक्रीची देखणी योजना क्षणात लिहून देईल, पण अमुक गावच्या शेतकऱ्याच्या मनात कोणती भीती बसली आहे, हे कोणी जाऊन विचारून आल्याशिवाय त्याला कळणार कसे?

याचा अर्थ यंत्र निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. आपल्यातील काही मंडळींचा सूर तसा असतो, आणि तो टाइपरायटर, संगणक, मोबाईल अशा प्रत्येक साधनाच्या वेळी लागला होता. त्या गृहिणीला इंग्रजीत पत्र लिहिण्याचा संकोच असेल, तर तिचे पत्र यंत्र सुबक करून देईल. दरपत्रक, पाकिटावरचा मजकूर, गिऱ्हाइकाच्या तक्रारीला सौम्य उत्तर ही कामे ते चांगली करते. पूर्वी यांसाठी कोणाच्या तरी शिकलेल्या भाच्याची मनधरणी करावी लागे. पण ही बहुतेक कामे विनामूल्य आवृत्तीतही होतात. पैसे भरल्यावर मिळते ते मुख्यतः अधिक वापर, मोठे दस्तऐवज वाचण्याची क्षमता, अधिक चित्रे आणि अधिक समर्थ प्रारूप.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी येथे एक तांत्रिक बाब सांगायला हवी. ही यंत्रे मजकुराचे लहान तुकडे करून वाचतात आणि देवनागरीचे तुकडे इंग्रजीपेक्षा अधिक पडतात. चॅटजीपीटीच्या कंपनीनेच मे २०२४ मध्ये नवे प्रारूप आणताना एक नमुना दिला होता. त्यात इंग्रजी मजकुराचे २४ तुकडे होत, तर त्याच अर्थाच्या मराठी मजकुराचे ३३. आधीच्या पद्धतीत मराठीचे तब्बल ९६ होत असत! सुधारणा मोठी आहे, तरी तुकड्यांवर मोजल्या जाणाऱ्या सेवेत मराठी माणसाचे माप अजूनही काहीसे लवकर भरते.

चुकांचा मुद्दा याहून गंभीर. आपल्या गृहिणीने पाकिटबंद चिवडा-चकलीवर जीएसटी किती, असे विचारले असे समजू. २२ सप्टेंबर २०२५ पासून पाकिटबंद नमकीनवरील दर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. यंत्राचे ज्ञान त्याआधीच्या तारखेला थांबलेले असेल आणि त्याने ताजी माहिती शोधली नाही, तर ते १२ टक्के असे सांगेल, आणि तेही एखाद्या निष्णात करसल्लागाराच्या आवाजात. अशा उत्तरावर विसंबून भाव ठरवला तर नुकसान घरचे. परदेशात तर हे प्रश्न न्यायासनापर्यंत गेले आहेत. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या संकेतस्थळावरील यंत्रसाहाय्यकाने एका प्रवाशाला सवलतीबद्दल चुकीची माहिती दिली. यंत्राच्या उत्तराला आपण जबाबदार नाही, असा पवित्रा कंपनीने घेतला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियातील न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि कंपनीला भरपाई द्यायला लावली. विमान कंपनी ती भरपाई सहज सोसते. सोसायटीत चार घरांत माल देणाऱ्या बाईंचा एकदा गेलेला शब्द परत मिळवणे त्याहून कठीण आहे.

आता पतीच्या हिशेबलेखनाकडे वळू. तिघांपैकी सशुल्क साहाय्यकाचा खरा उपयोग कोणाला असेल तर तो त्याला. रोज लांबलचक तक्ते, बिले आणि पत्रे यांच्याशी गाठ असल्याने विनामूल्य मर्यादा त्यालाच खऱ्या अर्थाने आडवी येईल. शिवाय त्याला विषय कळतो, यंत्राची चूक तो पकडू शकतो. पण नेमके येथेच दुकानदारांचे पॅन क्रमांक, बँकेची विवरणपत्रे आणि देणेकऱ्यांची नावे आहेत. पैसे भरले म्हणजे गुप्तताही विकत घेतली, असा अनेकांचा समज असतो. तो खरा नाही. वैयक्तिक वर्गणीच्या कित्येक योजनांतही संभाषणे यंत्राच्या प्रशिक्षणासाठी वापरली जाऊ शकतात. ते थांबवण्याची कळ सेटिंगमध्ये असते आणि ती स्वतः बंद करावी लागते. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्याकडे २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कायद्याचे राहो, पण ज्या दुकानदाराने विश्वासाने वही हाती दिली, त्याची नावे झाकल्यावाचून ती यंत्रापुढे उघडणे सचोटीत बसत नाही.

आणखी एक मोह या गृहस्थापुढे आहे. त्याच्या कारखान्याने कर्मचाऱ्यांना सशुल्क साहाय्यक दिलेला आहे. रात्री घरी तोच उघडून दुकानदारांचे काम केले तर कोणाला कळणार? कळेल, कारण अशा खात्यांवर संस्थेची देखरेख असू शकते. पण न कळले तरी ते कार्यालयाची स्टेशनरी घरी आणण्यासारखेच आहे. नोकरीच्या अटी जोडधंद्याला परवानगी देतात काय, हेही त्याने आधी पाहिलेले बरे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना तर १९६४ च्या वर्तणूक नियमांनी खासगी व्यापारावर स्पष्ट निर्बंध घातले आहेत.

स्वदेशी पर्यायाचा प्रश्न या निमित्ताने हमखास विचारला जातो. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये १०,३०० कोटींहून अधिक रुपयांच्या ‘इंडिया एआय’ मोहिमेला मान्यता दिली. बंगळुरूच्या ‘सर्वम’ला एप्रिल २०२५ मध्ये भारतीय प्रारूप घडवण्यासाठी निवडण्यात आले. आयआयटी मुंबईच्या नेतृत्वाखाली ‘भारतजेन’चे काम चालू आहे आणि २०२२ मध्ये सुरू झालेली ‘भाषिणी’ ही शासकीय भाषांतरसेवा भारतीय भाषांसाठीच आहे. यांपैकी जे ज्या कामाला पुरे पडेल ते अगत्याने वापरावे. परंतु परदेशी वर्गणी असो वा देशी, किलोमागे ८० रुपयांचा हिशेब दोन्हींना सारखाच लागू आहे.

मग त्या कुटुंबाने काय करावे? एक महिना विनामूल्य आवृत्तीवर काम करावे आणि साधी शंभर पानी वही ठेवावी. मर्यादा आडवी आली की तारीख, अडलेले काम आणि ते हाताने करायला लागलेला वेळ लिहावा. टी-शर्टच्या नोंदी बहुधा पहिल्याच आठवड्यात थांबतील, कारण मुलाची परीक्षा येईल. पत्नीच्या पानावर महिन्याभरात दोन-तीनच नोंदी असतील, आणि त्याही ‘चित्र नीट आले नाही’ अशा. पतीच्या पानावर पंधरा-वीस नोंदी असतील आणि त्यांची बेरीज दहा-बारा तासांची असेल, तर त्याने ३९९ रुपये निःशंकपणे भरावेत, कारण तेवढ्या वेळात आणखी एका दुकानदाराचा हिशेब लिहून होतो. १,९९९ रुपयांच्या योजनेचा विचार त्या नव्या दुकानदाराचे पहिले पैसे हाती आल्यावर करावा.

गृहिणीच्या धंद्याला हंगाम आहे. गणपतीनंतर मागणी चढते आणि दिवाळीनंतर उतरते. ते दोन महिने दरपत्रके, मागण्यांच्या याद्या आणि परगावच्या पार्सलांचे पत्ते यांची गर्दी असते. तेवढ्यापुरती वर्गणी भरून नंतर ती बंद करणे तिला परवडेल. म्हणून सवलत कितीही दाखवली तरी वर्षाची वर्गणी एकदम भरू नये, महिन्याचीच भरावी. बंद करतानाही एक लक्षात ठेवावे. मोबाईलमधून अॅप काढून टाकले की वर्गणी थांबत नाही. ज्या दुकानातून किंवा खात्यातून ती सुरू केली तेथे जाऊन रद्द करावी लागते आणि यूपीआयच्या अॅपमध्ये दिलेली आपोआप भरण्याची संमतीही तपासावी लागते. मोफत योजना घेतली असेल तर तिची शेवटची तारीख आजच भिंतीवरच्या कॅलेंडरात, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवावी. ज्यांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये वर्षाची योजना घेतली त्यांचे पान नोव्हेंबर २०२६ चे, आणि खूण मात्र ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात करावी.